गिझरचा स्विच बदलूनही पुन्हा जळतोय? स्विचमागची वायर बघा

तक्रार जवळपास प्रत्येक घरात याच क्रमाने येते. थंडी पडली की गिझर लावल्यावर बोर्डापाशी उग्र वास येऊ लागतो, काहींना तो मासळीसारखा वाटतो. मग स्विचच्या बटणाची कड पिवळट पडते. पुढे बटण दाबताना चर्र असा आवाज, इंडिकेटरची फडफड, आणि एका सकाळी पाणी गारच. वायरमन येतो, काळा पडलेला स्विच काढून हातात देतो, तसाच नवा बसवतो. पुढच्या थंडीत पुन्हा तोच वास. मग घरात ठरतं की ही कंपनीच वाईट, पुढच्या वेळी दुसरी घेऊ. दुसरी घेतली तरी तेच.

मी घरगुती वायरिंगची कामं करतो आणि थंडीच्या दिवसांत यातली बरीच कामं याच तक्रारीची असतात. पहिला स्विच कशानेही जळलेला असो, दुसरा आणि तिसरा बहुतेक वेळा जळतो तो जुन्या वायरीच्या जळक्या टोकामुळे. स्विच बदलला जातो, ते टोक तसंच राहतं.

वासाला मात्र कमी लेखू नका. स्विच-सॉकेटमधलं काही प्लास्टिक तापलं की खरोखरच माशासारखा वास सोडतं. बाथरूमबाहेर तसा वास आला तर आधी डीबीतून (घरातल्या मुख्य वीजपेटीतून) गिझरची एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा खटका) पाडा, बाकीचं नंतर. बोर्डावरच्या त्या स्विचनेच बंद करायला जाऊ नका. आतला भाग वितळला असेल तर तो चालू स्थितीतच अडकलेला असू शकतो.

एवढी उष्णता येते कुठून

आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. १५ किंवा २५ लिटरचा साठवणीचा गिझर बहुतेक २००० वॅटचा असतो, म्हणजे सुमारे ८.७ अ‍ॅम्पिअर. तीन लिटरचा इन्स्टंट साधारण ३००० वॅटचा, म्हणजे १३ अ‍ॅम्पिअर. काही इन्स्टंट ४५०० वॅटचे असतात, ते साडेएकोणीस अ‍ॅम्पिअर घेतात. त्यांना १६ अ‍ॅम्पिअरचा स्विच लावलेला असेल तर पुढे काही शोधायची गरज नाही, तो जळणारच. तेव्हा आधी गिझरच्या अंगावरची पट्टी वाचा. किती वॅटचा आहे हे घरात कुणालाच नक्की माहीत नसतं, आणि लिटरवरून केलेला अंदाज चुकतो.

आता १३ अ‍ॅम्पिअरला १६ चा स्विच कागदावर पुरतो. तरी तो जळतो, कारण सांध्यावर तयार होणारी उष्णता म्हणजे अ‍ॅम्पिअरचा वर्ग गुणिले त्या सांध्याचा रोध, म्हणजे विजेला तिथे होणारा अडथळा. घट्ट, स्वच्छ सांध्याचा रोध नगण्य असतो. स्क्रू सैल पडून तिथे ०.१ ओहम रोध आला असं धरू. १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ १७ वॅट. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॅटची असते आणि कथील सहज वितळवते. त्याच्या दोन तृतीयांश उष्णता स्विचच्या मागे, भिंतीतल्या बंद डबीत, एका स्क्रूएवढ्या जागेत कोंडलेली. प्लास्टिक किती दिवस टिकणार?

यात करंट वाढत नाही, रोध वाढल्यामुळे झाला तर किंचित कमीच होतो. म्हणून एमसीबी पडत नाही. एमसीबीचं काम जास्त करंट आणि शॉर्टपासून वायर वाचवण्याचं; सैल सांधा तिला दिसत नाही. आरसीसीबीलाही (वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका) दिसत नाही, कारण करंट जमिनीत गळत नसतो. ‘एमसीबी पडली नाही म्हणजे लोड ठीक आहे, वायरिंग ठीक आहे’ हे वाक्य मी फार ऐकतो. त्यातला दुसरा भाग खरा असेलच असं नाही.

थंडीतच हे का होतं, याचाही हिशेब आहे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला २००० वॅटच्या गिझरला साधारण अर्धा तास लागतो. जानेवारीत टाकीतलं पाणी १५ अंशांवर आलं की तेच काम चाळीस मिनिटांवर जातं. पाहुणे असले की एकामागून एक अंघोळी, आणि गिझर मध्ये थांबतच नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघरी हेच चालू असतं. पावसाळ्यात दहा मिनिटं तापून निवणारा सैल सांधा त्या दिवशी सलग दोन तास तापतो. शिवाय पहाटे लोड कमी असल्याने काही भागांत व्होल्टेज चढलेलं असतं. २५० व्होल्टवर ३००० वॅटची कॉइल साडेतीन हजार वॅटच्या पुढे जाते आणि करंट १४ अ‍ॅम्पिअरच्या वर.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार बसतात, त्यामुळे ‘गिझर जास्त करंट खेचतो आणि स्विच जळतो’ असं सांगितलं जातं. क्षारांनी अ‍ॅम्पिअर वाढत नाहीत. पाणी तापायला थोडा वेळ जास्त लागतो, कॉइल आतून जास्त तापून लवकर फुटते, पण स्विचच्या जळण्याचं खापर क्षारांवर फोडता येत नाही. कॉइल साफ करून घ्या, ती चांगलीच गोष्ट आहे, फक्त त्याने बोर्डातला वास जाणार नाही.

बोर्ड उघडण्याआधी

हे काम सवय नसेल तर करू नका, परवानाधारक वायरमन बोलवा. पुढचं वाचून ठेवा म्हणजे तो काय करतोय ते कळेल. आणि स्वतः करणार असाल तर एक गोष्ट कधीही विसरू नका: घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच पाडूनही बोर्ड मृत होत नाही. बाथरूमच्या बाहेरच्या बोर्डात गिझरच्या स्विचशेजारी दिव्याचा स्विच असतो, आणि तो दिवा बहुधा इन्व्हर्टरवर असतो. मेन पाडला, गिझरचा इंडिकेटर विझला, हात घातला, आणि शेजारच्या टर्मिनलवर (वायर आवळायच्या स्क्रूच्या जागी) इन्व्हर्टरचा २३० व्होल्ट उभा आहे. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, मग टेस्टर. टेस्टरही मेन पाडण्याआधी एखाद्या चालू पॉइंटवर लावून बघा की तो पेटतोय. मेलेला टेस्टर सगळीकडे ‘वीज नाही’ असंच सांगतो.

जळका स्विच फेकू नका

वायरमन जुना स्विच खिशात घालण्याआधी तो मागून घ्या आणि मागची बाजू नीट बघा. जळल्याची खूण कुठे आहे यावरून कारण बऱ्यापैकी कळतं.

एकाच स्क्रूभोवती काळं पडलं आहे आणि बाकीचा स्विच पांढरा आहे, तर तो स्क्रू सैल होता. आता त्या स्क्रूतून निघालेली वायर बघा. चांगलं तांबं लालसर चमकतं. तापलेलं आधी तपकिरी-जांभळट होतं, मग काळं पडतं, आणि त्यावरचा तो काळा थर वीज नीट वाहू देत नाही. वायरीचं आवरण नखाने दाबून बघा. मऊ लागायला हवं. कडक, ठिसूळ झालं असेल, वाकवताना तडकत असेल, तर तापलेला भाग तिथपर्यंत पोचला आहे. हा काळा तुकडा तसाच नव्या स्विचमध्ये आवळला की पहिल्या दिवसापासून सांध्याचा रोध जास्त. वर्षभरात तोही स्विच काळा. रोज तापणं-निवणं चालू असल्याने स्क्रू थोडा थोडा सैल होत जातो, सैल झाला की जास्त तापतो, जास्त तापला की आणखी सैल.

स्क्रू स्वच्छ आहेत पण मधला भाग वितळला आहे, बटण आत रुततं किंवा अर्ध्यात अडकतं, तर आतला कॉन्टॅक्ट, म्हणजे स्विच दाबल्यावर एकमेकांना टेकणारा धातूचा भाग, जळाला. इथे स्विच खरोखर कमी पडला: क्षमता कमी होती, बनावट होता, किंवा पूर्ण लोडवर वारंवार चालू-बंद केला जात होता. इन्स्टंट गिझर वापरताना हे शेवटचं फार होतं. भांडी घासताना दर पाच मिनिटांनी स्विच खालीवर. प्रत्येक वेळी बंद करताना आत ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्टचा थोडा भाग खाऊन जाते. साठवणीचा गिझर असेल तर थर्मोस्टॅटने स्वतःहून बंद केल्यावर, गिझरवरचा लाल दिवा विझल्यावर स्विच बंद करण्याची सवय लावा. तेव्हा स्विचमधून करंटच जात नसतो, ठिणगीही पडत नाही.

एकाच भोकात दोन वायरी कोंबलेल्या दिसल्या तर दोन शंका घ्या. पहिली, जाड आणि बारीक वायर एकत्र आवळली की स्क्रू जाड वायरीवर बसतो आणि बारीक वायर हलत राहते. दुसरी, ती वायर पुढे कुठे जाते? बऱ्याच घरांत गिझरच्या टर्मिनलवरून लूप काढून वॉशिंग मशिनचा पॉइंट दिलेला असतो. मग त्या एका स्क्रूतून दोघांचा करंट जातो, आणि सकाळी दोन्ही एकदम चालू असतात.

डोंबिवलीत एका घरी असाच लूप होता. स्विच आधीही बदललेला, बाहेरून सगळं नीट दिसत होतं, वायर अडीच चौरस मिलिमीटरची. टर्मिनल उघडलं तर वायरीच्या बुडाशी कापलेल्या तारांची टोकं दिसली. अडीचच्या मऊ वायरीत ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा असतात. दोन वायरी एका भोकात बसेनात म्हणून कुणीतरी एका वायरीच्या तारा पकडीने छाटल्या होत्या, मोजल्या तर २२ उरल्या होत्या. म्हणजे भिंतीत अडीचची वायर आणि स्क्रूखाली दीडची. घरमालकाने वायरीचं बिल जपून ठेवलं होतं, वायर उत्तमच होती. सगळी हानी शेवटच्या सेंटिमीटरमध्ये झाली होती.

काळा डाग स्विचवर नसून सॉकेटच्या एका भोकाभोवती असेल तर प्लग टॉप काढून पिना बघा. एक पिन तपकिरी आणि दोन पितळी दिसल्या की समजायचं, सॉकेटमधली ती पट्टी सैल झाली आहे. एकदा तापून मऊ पडलेली पट्टी पुन्हा पकड घेत नाही. नुसता टॉप बदलला तर नवा टॉप जळतो, नुसतं सॉकेट बदललं तर जुनी खडबडीत पिन नव्या पट्टीला खराब करते. दोन्ही बदलावे लागतात. टॉप उघडून आतले स्क्रूही बघा, गिझरची केबल तिथे सैल असण्याची शक्यता मोठी. आणि १६ अ‍ॅम्पिअरच्या पिना ६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटमध्ये घालणारे कन्व्हर्टर गिझरला लावलेले दिसले तर ते त्याच दिवशी काढा.

कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्याजवळच्या इमारतींत स्क्रूवर हिरवट कळंक चढलेला सापडतो. खारी दमट हवा, त्यात बोर्ड बाथरूमच्या आत, शॉवरची वाफ थेट त्यावर. तिथे स्विच बाहेरच्या भिंतीवर नेणं हाच उपाय. ओल्या हाताने स्विचला हात लागू नये यासाठीही तो बाहेरच हवा. गिझरच्या बरोबर खाली सॉकेट असेल तर वरच्या पाइपाच्या जोडातून थेंब ओघळतोय का तेही पाहा.

जुन्या चाळी-वाड्यांत अजून अ‍ॅल्युमिनियमच्या तारा सापडतात. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जातं, सांधा आपोआप सैल होतो, आणि त्यावर वीज न वाहणारा थर चटकन धरतो. अशा वायरीवर गिझर चालवण्याचा विचारच सोडा. डीबीपासून तांब्याची नवी वायर ओढा.

दुरुस्ती: टोक कापा, मग स्विच लावा

जळकं टोक मागे कापत जायचं, जोवर लालसर चमकदार तांबं आणि मऊ आवरण लागत नाही तोवर. कधी दोन सेंटिमीटर, कधी बोटभर. अडचण इथेच येते: कन्सील्ड, म्हणजे भिंतीत बुजवलेल्या वायरिंगमध्ये डबीत वायर मुळात तोकडी ठेवलेली असते, कापली की स्क्रूपर्यंत पोचत नाही. मग वायरमन एक तुकडा पिळून जोडतो, वर टेप गुंडाळतो. जळका सांधा जाऊन त्याच डबीत एक नवा सैल सांधा आला. हे करू देऊ नका. एक तर डीबीपासून नवी वायर ओढून घ्यायची, पाइप मोकळा असेल तर जुन्या वायरीलाच नवी बांधून ती तासाभरात येते. ते शक्यच नसेल तर करंटला पुरेसा स्क्रू कनेक्टर किंवा दाबून बसवलेली स्लीव्ह, आणि तीही उघडून बघता येईल अशा ठिकाणी.

वायर सोलताना टर्मिनलच्या खोलीएवढीच सोला, साधारण १० ते १२ मिलिमीटर. कमी सोलली तर स्क्रू आवरणावर बसतो. आवळताना घट्ट लागतो, पण तांब्याला जेमतेम स्पर्श. हा दोष डोळ्याला दिसत नाही आणि फार घरांत असतो. जास्त सोलली तर उघडं तांबं बाहेर राहतं. मऊ, बारीक तारांच्या वायरीला फेरूल (टोकावर बसवायची धातूची छोटी नळी) घालून क्रिम्पिंगच्या पकडीने दाबणं सगळ्यात चांगलं. फेरूल नसेल तर तारा पिळून टोक दुमडून घाला. डाग देऊन, म्हणजे कथील लावून, टोक कडक करू नका. नीटनेटकं दिसतं, पण कथील दाबाखाली दबत जातं आणि स्क्रू सैल पडतो.

स्क्रू आवळला की वायर धरून जोरात ओढून बघा. मग डबीत घालताना वायर हाताने वाकवून घाला, प्लेट दाबून कोंबू नका. चार चौरस मिलिमीटरची वायर ताठ असते, उथळ डबीत कोंबली की ती टर्मिनललाच पिळा देते आणि नुकताच आवळलेला स्क्रू हलतो. खोल डबी हवी असेल तर भिंत फोडावी लागते, त्याला कुणी तयार होत नाही. म्हणून अनेक ठिकाणी मी सरळ भिंतीवर छोटी दोन पोलची एमसीबी किंवा एसीला लावतात तो धातूचा बॉक्स सुचवतो. दिसायला मॉड्युलर प्लेटइतका सुबक नाही, पण टर्मिनल दणकट, चारची वायर आरामात बसते, स्क्रू पुन्हा आवळायला पाच मिनिटं पुरतात.

स्विच डीपीच का

साधा स्विच फक्त फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी तार, तोडतो. डीपी (डबल पोल, दोन पोलचा) स्विच फेज आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, दोन्ही तोडतो, म्हणजे गिझर विजेपासून पूर्ण वेगळा होतो. पाण्याशी आणि माणसाच्या ओल्या अंगाशी संबंध येणाऱ्या वस्तूला हाच हवा. कारण आपल्याकडे फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेले पॉइंट कमी नाहीत. साधा स्विच चुकून न्यूट्रलवर आला असेल, तर बंद केल्यावर गिझर तापत नाही, पण कॉइल फेजवर जिवंत असते. कॉइलला तडा गेला असेल आणि अर्थिंग नावापुरतंच असेल, तर ‘बंद’ गिझरच्या नळातूनही शॉक बसतो.

डीपी स्विचमध्ये एक खास बिघाड होतो, तो ओळखता यायला हवा. गिझर तापत नाही, टेस्टर लावला तर गिझरच्या फेजलाही पेटतो आणि न्यूट्रललाही. नवशिका गोंधळतो, ‘दोन फेज आले’ म्हणतो. प्रत्यक्षात न्यूट्रलचा पोल जळाला आहे. फेज कॉइलमधून जाऊन दुसऱ्या टोकाला उभा राहतो, परत जायला वाट नाही. टेस्टर दोन्हीकडे विझलेला असेल तर फेजचा पोल किंवा मागचा पुरवठा गेला.

नवा डीपी बसवल्यावर स्विच बंद असतानाही इंडिकेटर पेटत असेल, तर येणारी आणि गिझरकडे जाणारी बाजू उलटी लागली आहे. चालू करताक्षणी एमसीबी पडत असेल, तर फेज-न्यूट्रल एकाच पोलच्या दोन टोकांना लावले गेले असावेत. साध्या स्विचच्या सवयीने डीपी जोडणाऱ्यांकडून ही चूक होते. टर्मिनलवरच्या खुणा वाचून जोडायचं, अंदाजाने नाही.

काय पडतं आणि कधी पडतं

स्विच जळण्याबरोबर बऱ्याचदा ‘एमसीबी पण पडते’ अशी तक्रार असते. नेमकं काय पडतं ते आधी बघा. गिझर लावताच एमसीबी पडली तर शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल आणि गिझर वॅटला बरोबर असेल, तर खुद्द एमसीबीच्या टर्मिनलचा स्क्रू सैल असण्याची शक्यता मोठी. ती उष्णता आतल्या पट्टीला पोचते आणि एमसीबी वेळेआधी पडते. त्यावर उपाय म्हणून अडीचच्या वायरीवर ३२ ची एमसीबी लावणारे लोक आहेत. तसं केलं तर पडणं थांबतं, आणि वायरीचं रक्षणही थांबतं.

आरसीसीबी पडत असेल तर गळती आहे, बहुतेक कॉइलमधून. डीपी स्विच बंद केल्यावर पडणं पूर्ण थांबलं तर दोष गिझरकडचाच. साधा स्विच असेल तर ही परीक्षा फसते: फुटलेल्या कॉइलमधून न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात, आणि गिझर बंद असूनही फ्रिज किंवा इस्त्री लागली की आरसीसीबी पडते. लोक मग फ्रिज दुरुस्तीला देतात.

सोलर असलेल्या सोसायट्यांत बॅकअप कॉइलचा स्विच उन्हाळाभर कुणी हात लावत नाही. जुलैत आभाळ भरलं की तो थेट २००० वॅटवर येतो, आतले कॉन्टॅक्ट तोवर ऑक्साइड धरून बसलेले. पावसाळ्याआधी एकदा चालवून, हात लावून बघा. टायमर किंवा मोबाइलवरून चालणारे प्लग वापरत असाल तर ३००० वॅटच्या इन्स्टंटला ते लावू नका. आणि कोणत्याही गिझरला लावलात तरी गिझर उघडण्याआधी डीपी बंद करायचाच. अशा प्लगमधला रिले (आतला आपोआप चालू-बंद होणारा स्विच) बहुधा एकच पोल तोडतो, आणि कधी कधी चिकटून बसतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडूनही हीच तक्रार ऐकू येते, फक्त तिथे आकडे मोठे. तिथला इलेक्ट्रिक शॉवर साडेआठ ते साडेदहा किलोवॅटचा असतो, आणि त्याचा स्विच छतात, दोरी ओढून चालवायचा, ४५ किंवा ५० अ‍ॅम्पिअरचा डीपी. साडेनऊ किलोवॅटला २४० व्होल्टवर जवळजवळ ४० अ‍ॅम्पिअर जातात. त्या करंटला ०.०१ ओहमचा सांधादेखील १६ वॅट उष्णता देतो. आपल्याकडे दहापट खराब सांधा जे करतो ते तिथे जरासा सैल स्क्रू करतो. सहा किंवा दहा चौरस मिलिमीटरची ताठ केबल छतात ढकलताना टर्मिनल हलतं, हेही कारण तेच. शॉवर चालू असताना दोरी ओढून बंद करू नका, आधी शॉवरचं बटण. स्विचचं तोंड तपकिरी झालं असेल, दोरी ओढल्यावर चालू-बंद दाखवणारी खूण अर्ध्यातच थांबत असेल, तर शॉवर वापरणं बंद करून नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि जळलेली केबल मागे कापायला आवर्जून सांगा.

नवीन करून घेताना

डीबीपासून गिझरला स्वतंत्र लाइन, तीत दुसरा काही पॉइंट नाही. २००० वॅटला अडीचची तांब्याची वायर चालते, ३००० ला मी चारचीच घालतो, ४५०० ला चारच्या खाली नाहीच. एमसीबी वायरीला शोभेल अशी: अडीचला १६, चारला २० किंवा २५. मागे ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी. स्विच २५ किंवा ३२ अ‍ॅम्पिअरचा डीपी, आयएसआय चिन्ह असलेला. स्विचवर आयएस ३८५४ आणि सॉकेटवर आयएस १२९३ हे मानक क्रमांक बघा. अर्थची वायर बोर्डात आली आहे एवढ्यावर समाधान मानू नका, ती पुढे जमिनीपर्यंत पोचते का हे वायरमनला मोजून दाखवायला सांगा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

काम संपलं की वायरमनला लगेच सोडू नका. गिझर रिकामा करून गार पाणी भरू द्या आणि अर्धा तास सलग चालवा. मग एमसीबी पाडून प्लेटला हाताची मागची बाजू लावा. कोमट लागली तर ठीक. चटका बसला, किंवा प्लेटची एकच बाजू जास्त गरम लागली, तर सांधा पुन्हा उघडायचा. वायरमनकडे मल्टिमीटर असेल तर तो याहून नेमकी परीक्षा करू शकतो: लोड चालू असताना एकाच पोलच्या आत-बाहेरच्या टर्मिनलांमधलं व्होल्टेज मोजायचं. ते जवळपास शून्य असायला हवं. अर्धा व्होल्ट आला तरी १३ अ‍ॅम्पिअरवर साडेसहा वॅट त्या स्विचमध्ये जळताहेत. हे मोजमाप चालू बोर्डावर होतं, म्हणून ते त्यालाच करू द्या.

महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्या, मऊ तारांची वायर दाबाखाली बसते आणि स्क्रूला पाव-अर्धा फेरा मिळतोच. त्यानंतर दरवर्षी दिवाळीच्या आधी एकदा. प्लेटच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख आणि वायरीची जाडी लिहून ठेवा, पुढे बोर्ड उघडणारा कुणीही असला तरी त्याला अंदाजावर काम करावं लागणार नाही.